तेरवणकरांचं नाक

"डोळे बांध माझे! बांध, बांध. हवं तर कानात कापूस पण घाल. बाटली नुसती नाकाखाली धरायची आणि माल कुठल्या माळ्यावरचा ते मी सांगायचं."

तेरवणकर काका चाळीच्या ओट्यावर मांडी ठोकून बसले होते. पहिली पाळी सुटून तास झाला असेल. चहा पिऊन झाला होता, कॅरमची सोंगटी हरवली होती, आणि करायला काही नव्हतं. अशा वेळी मला हमखास किडा चावतो.

"आणि चुकलात तर?"

"चुकलो तर मिशी उतरवीन."

"तुमची मिशी घेऊन मी काय उशी भरू?"

सगळे हसले. इंदूमावशी खानावळीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. तिथूनच ती ओरडली, "मिशी नको रे, काहीतरी कामाचं लावा! जो हरेल त्याने रविवारी चाळीतल्या अठराच्या अठरा खोल्यांचे स्टोव्ह घासायचे. बर्नर काढून, पिन मारून, पितळ चिंचेने लखलखीत. इथं चौकात बसून."

"मंजूर!" काका म्हणाले.

"थांबा, झालं नाही अजून. माझं लुगडं नेसून."

मग जो गलका झाला तो गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू गेला असेल. काकांनी माझ्या हातावर टाळी दिली. "दिग्या, मेल्या, मावशीकडे आजच माप देऊन ठेव."

साल ब्याण्णव. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि पंचक्रोशीत एक नंबरचा चावट. आमची कंपनी छोटी, खाडीकाठच्या एमआयडीसीतली. बोटींच्या टाक्यांच्या तळाशी जे कच्चं तेल उरतं, काळं, चिखलासारखं, ते टँकरने यायचं. आम्ही ते शिजवायचो. भट्टीत तापवायचं आणि त्याची वाफ मनोऱ्याच्या बुडात सोडायची. मनोरा म्हणजे उभी केलेली चाळ समजा. आत एकावर एक भोकांच्या थाळ्या, त्यांना आम्ही माळे म्हणायचो. वर जावं तसं गार. जड माल पहिल्याच जिन्यात दमतो, त्याचं परत तेल होतं आणि तिथंच बसतं. सगळ्यात खाली डांबर आणि फर्नेस ऑईल, त्याच्यावर डिझेल, त्याच्यावर रॉकेल. नाफ्था म्हणजे पेट्रोलचा भाऊ, तो पार वरच्या माळ्यावर. आणि गच्चीवर गॅस. एकाच पिंपातून निघालेली मंडळी, पण ज्याची त्याची जागा ठरलेली. ज्या त्या माळ्यावरून नळी काढायची आणि ज्याला त्याला त्याच्या टाकीत घालायचं.

भानगड एकच. खालच्या माळ्यावरचं तेल काढताना वरच्या माळ्यावरचे हलके लोक त्यात चोरून बसलेले असतात. रॉकेलमध्ये नाफ्था राहिला तर ते रॉकेल नाही, बॉम्ब आहे. म्हणून रॉकेल बाजूच्या एका छोट्या टाकीतून न्यायचं आणि त्यात पाण्याची वाफ फुंकायची. वाफ त्या चोरट्यांना हुसकून परत मनोऱ्यात पाठवते. नीट हुसकलेत की नाही हे बघायला लॅबमध्ये एक पितळी कप होता. त्यात तेल हळूहळू तापवायचं, वर ज्योत फिरवायची, आणि कितीला भडका होतो ते बघायचं. या चाचणीला पाऊण तास लागतो. तेरवणकर काकांच्या नाकाला पाऊण सेकंद लागायचा. तांब्याभर तेल घ्यायचं, हुंगायचं, आणि म्हणायचं, "सोड." सव्वीस वर्षं तो माणूस मनोऱ्याखाली उभा होता. मॅनेजरसुद्धा लॅबचा कागद बाजूला ठेवून विचारायचा, "तेरवणकर काय म्हणतायत?"

लॅबमध्ये मी होतो.

गलका चालू असतानाच किसन घरत बादली घेऊन नळावर आला आणि सगळे गप्प झाले. तीन महिने असंच चाललं होतं. किसन आला की बोलणं थांबायचं. तो बादली भरायचा, कोणाकडे न बघता जायचा, आणि मग हळूच पुन्हा आवाज सुरू व्हायचे.

एप्रिलात त्याची बायको यमुना स्टोव्हवर भाजली. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यात वारली. पोलिसांपुढे जबानी दिली होती तिने, स्टोव्ह उडाला म्हणून. किसन तेव्हा कामावर निघायच्या तयारीत, घरातच होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, विझवताना. पोलिसांनी सोडलं. पण माणसं कुठे सोडतात? यमुनाचा भाऊ नामदेव छाती पिटून सांगत सुटला, की यानेच ओतलं, आणि मरता मरता माझ्या बहिणीने नवऱ्याला वाचवलं. स्टोव्ह काय असा उगाच उडतो? रोज तर सगळे पेटवतात. चाळीत कोणी तोंडावर बोललं नाही, पण त्याच्या घरचं पाणी प्यायचं सगळ्यांनी सोडलं. सहा वर्षांची पमा, त्यांची पोरगी. येत्या रविवारी गावचे तिघं जण आणि नामदेव येणार होते. पोर बापाकडे ठेवायची की मामाने न्यायची, ते ठरवायला.

किसन गेला. इंदूमावशी हळूच म्हणाली, "पोरगी नेणार बहुतेक." मग तिने तांदळातला खडा टाकला आणि म्हणाली, "काय रे दिग्या, बाटल्या कधी आणतोस?"

"उद्याच," मी म्हटलं.

आता माझी अक्कल बघा. काकांना खरे नमुने हुंगायला देऊन हरवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. म्हणून मी पाच चपट्या बाटल्या धुतल्या, लॅबच्या साबणाने, दोन-दोनदा. आणि पाचही बाटल्यांत नळाचं पाणी भरलं. बाहेरून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला, कोणाला रंग दिसू नये म्हणून. काका हुंगतील, म्हणतील, "अरे माकडा, हे पाणी आहे!" आणि मी म्हणणार, पैज माळ्याची होती, पाणी कुठल्या माळ्यावरचं ते सांगा! नाही सांगता येत? नेसा लुगडं! असा माझा बेत. रात्रभर अंथरुणात एकटाच हसत होतो.

शुक्रवारी संध्याकाळी सगळी चाळ ओट्यापुढे जमली. मी काकांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, डबल गाठ मारली. "हात मागे घ्या. शिवायचं नाही, नुसतं नाक."

"अरे हो रे, आण."

पहिली बाटली धरली. काकांनी लांब श्वास घेतला आणि एकदम मान मागे ओढली, झोंबल्यासारखी. "हॅत्! सरळ नाकात काय घालतोस? नाफ्था आहे हा. वरचा माळा."

मी जीभ चावली. वा म्हातारबा! मला वाटलं, यांनी माझा डाव ओळखला आणि माझ्यावरच उलटवतायत. पाणी आहे हे कळलंय आणि मुद्दाम नाटक करतायत. मी दुसरी धरली.

"डिझेल." ओठ मुडपून. "जरा जळकं आहे, भट्टी जास्त तापवली होती कोणीतरी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसरी धरली. या वेळी ते बराच वेळ हुंगत राहिले. डाव्या नाकपुडीने, मग उजव्या. कपाळाला आठ्या पडल्या. टॉवेलखालून घामाची एक धार गालावर आली. मग चेहरा सैल झाला.

"रॉकेल. छान आहे, कोरडं. यात हलकं काही नाही. सोड."

माझं हसू कुठे गेलं मला कळलं नाही. ते नाटक नव्हतं. माणूस थट्टा करताना त्याच्या गळ्याची घाटी अशी वर-खाली होत नाही. आणि तो 'सोड' शब्द. अगदी तस्साच, मनोऱ्याखाली म्हणायचे तसा.

चौथी झाली, पाचवी झाली. फर्नेस ऑईल म्हणाले. परत डिझेल म्हणाले.

"काय रे दिग्या, किती बरोबर?" इंदूमावशीने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. गर्दीच्या मागे नळापाशी किसन उभा होता, बादली वाहत होती तरी तिकडे लक्ष नव्हतं त्याचं. पमा त्याच्या पायाला चिकटून उभी.

"पाचही," मी म्हणालो. "पाचही बरोबर."

काय आरडाओरडा झाला! कोणीतरी काकांना उचललं. टॉवेल सुटला. आणि काका माझ्याकडे बघत राहिले. सगळे हसत होते आणि तो माणूस हसत नव्हता. स्वतःला माहीत होतं ना त्यांना, की अंधारात पाच दगड मारलेत. पाचही लागले कसे?

मी बाटल्या मोरीत ओतल्या आणि कागदाचे बोळे चुलीत घातले.

शनिवारी पहिल्या पाळीत मी मनोऱ्याची लोखंडी शिडी चढून वर गेलो. काका तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीत होते, थर्मामीटर बघत. भट्टीचा आवाज एवढा असतो की तिथं ओरडून बोललं तरी कोणाला ऐकू जात नाही.

"पाणी होतं," मी म्हणालो.

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

त्यांनी खिशातून बिडी काढली. तिथे ओढायला बंदी, म्हणून नुसतीच ओठांत धरली. "गेल्या पावसाळ्यात टाकीचा गाळ उपसायला उतरलो होतो, आठवतं? बाहेर ओढून काढलं मला. तीन दिवस डोकं ठणकत होतं. चौथ्या दिवशी हिने बांगड्याचं कालवण केलं. मी म्हटलं, आज काय पाणी उकळून वाढलंस? ती हसली. मग मला कळलं."

"एक वर्ष झालं?"

"वर्ष झालं. घरी पण ठाऊक नाही. परवा भात करपला, मी पानावर बसून म्हटलं, छान झालाय. ती रडायलाच लागली, माझी थट्टा करता म्हणून." ते जरा थांबले. "दोन वर्षं राहिलीत रे. नाक नाही म्हटलं तर मला इथं झाडू मारायला पण ठेवणार नाहीत. मी रंग बघतो, थर्मामीटर बघतो, सव्वीस वर्षांचा अंदाज आहे. चुकत नाही सहसा."

"एप्रिलात वाफ गेली होती," मी म्हणालो.

काका परत थर्मामीटरकडे वळले.

"सकाळी सकाळी. बॉयलर बसला होता. अर्धा तास रॉकेलच्या टाकीत वाफ नव्हती. मी तुम्हाला येऊन विचारलं होतं, हा माल वेगळा काढू का. तुम्ही तांब्या हुंगलात आणि म्हणालात…"

"माहीत आहे काय म्हणालो ते."

महिन्याच्या पहिल्या सोमवारी कंपनी प्रत्येक कामगाराला घरचा डबा द्यायची, पाच लिटर रॉकेल, सरळ नळीवरून. वाफ गेली त्या सोमवारी रात्रपाळी सुटताना किसनने पहिला भरला, घरी रॉकेल संपलं होतं म्हणून. बाकी सतरा जणांनी दुपारी भरले. तोवर वाफ परत आली होती.

"नरसाळं मी धरलं होतं," मी म्हणालो.

"हं."

"उद्या पोर नेतायत, काका. तुम्ही नुसतं एवढं सांगा, की मला वास येत नाही. पुढचं आपोआप कळेल त्यांना."

काकांनी बिडी ओठांतून काढली. आवाज अजिबात चढला नाही त्यांचा. "त्या दिवशीचा भडक्याचा आकडा काय आहे रे तुझ्या रजिस्टरात?"

मी खाली खाडीकडे बघितलं.

"मी सांगतो. एक्केचाळीस. मी जाऊन बघितला, ती गेली त्या दिवशीच. एक्केचाळीस. सुवाच्य अक्षरात, खाली सही. चाचणी केली होतीस?"

कशाला करणार? तीन वर्षांत मी तो पितळी कप दहा वेळा तापवला असेल. काकांनी हुंगलं की मी आकडा टाकायचो. आज चाळीस, उद्या बेचाळीस, म्हणजे खरं वाटतं. पाऊण तास वाचला की कोणाच्या तरी डब्यात बेडूक ठेवायला वेळ मिळायचा.

"मग चल," काका म्हणाले. "दोघं बरोबर जाऊ. तू पुढे हो, मी येतो मागनं."

मी शिडी उतरलो.

रविवारी सकाळी दहा वाजता मी चौकात बसलो. इंदूमावशीचं हिरवं लुगडं, कपाळाला तिनेच लावलेलं आडवं कुंकू. पुढ्यात अठरा स्टोव्ह एका ओळीत, बाजूला चिंचेचं पातेलं, राख, काथ्या. पोरं पोट धरून लोळत होती. "वहिनी, माझ्या स्टोव्हची टाकी चेपलीय, जरा बघा हो!" "वहिनी, पदर सांभाळा!" मीही मुरकून उत्तरं देत होतो. सवय आहे जिभेला. चार झाले, पाच झाले.

मग गावची माणसं आली. गोमा पाटील, त्यांच्याबरोबर दोन म्हातारे, आणि नामदेव. माझ्याकडे बघून गोमा पाटील हसले, "हे काय सोंग?" कोणीतरी पैजेचं सांगितलं. सगळे परत हसले. मग ती मंडळी ओट्यावर बसली. इंदूमावशीने चहा दिला. किसनने आणलेला चहा कोणी घेतला नाही. तो कप तसाच ओट्याच्या कडेला राहिला.

"हे बघ किसन," गोमा पाटील म्हणाले, "आम्ही काही कोर्ट नाही. पण पोर जिवंत आहे, तिचा विचार झाला पाहिजे."

"तिने स्वतः सांगितलं, स्टोव्ह उडाला," किसन म्हणाला. हजारदा बोलून गुळगुळीत झालेलं वाक्य.

"मरणारी बाई दुसरं काय सांगणार?" नामदेव ओरडला. "अठरा घरांत एकच रॉकेल जळतं. सतरा घरांचे स्टोव्ह बघा, तो बसलाय बघा घासत! एकाला तरी काही झालं? याच्याच घरचा कसा उडतो?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या पुढ्यातल्या स्टोव्हांकडे. पमा आतून कपड्यांचं बोचकं घेऊन आली होती, कोणीतरी आधीच बांधून दिलेलं.

मी उठलो. लुगड्याचा घोळ पायात आला, पडता पडता वाचलो. तेवढ्यावरच हशा पिकला.

"मी सांगतो कसा उडाला ते," मी म्हणालो. "त्या दिवशी वाफ गेली होती. किसनच्या डब्यात नाफ्था होता. पहिला डबा त्याचा होता, बाकीचे नंतरचे. काकांना वास येत नाही, वर्ष झालं. परवा त्या बाटल्यांत नुसतं पाणी होतं. पाचही बाटल्यांत पाणी. किसनने काही केलेलं नाही."

मग मागून एक पोरगा फिसकन हसला, आणि बांध फुटला.

"हरला, हरला आणि आता पाणी होतं म्हणतो!"

"अरे बैस खाली, तेरा राहिलेत अजून!"

इंदूमावशी डोळे पुसत म्हणाली, "मेल्या, शिमग्याला कंपनी कुकर वाटतेय म्हणून सांगितलंस, सतरा बाया पिशव्या घेऊन गेटवर दोन तास उन्हात उभ्या होत्या. मी पुढे होते त्यांच्या! आता परत?"

"थट्टा नाही ही! खंडोबाची शपथ!"

"कुकरच्या वेळी पण खंडोबाच होता रे!"

गोमा पाटलांनी हात वर केला. "तेरवणकर, काय म्हणतोय हा?"

काका खांबाला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुढे आले, खाली वाकले, मी घासत होतो तो स्टोव्ह उचलला, नाकाशी धरला. लांब श्वास घेतला.

"रॉकेल," ते म्हणाले. "आणि वहिनींच्या हाताला चिंच."

चौक दणाणला. काकांनी स्टोव्ह खाली ठेवला, माझ्याकडे न बघता.

"डोळे बांधा त्यांचे!" मी ओरडलो. "आत्ता बांधा! आणि रजिस्टर आणा लॅबमधलं. त्यात एक्केचाळीस आहे, ते मी लिहिलंय, खोटं! चाचणी केलीच नव्हती!"

"म्हणजे," गोमा पाटील म्हणाले, "तू खोटं लिहितोस हे तूच आम्हाला सांगतोस. आणि तुझ्या बोलण्यावर आम्ही या पोरीचं ठरवायचं."

मी चिंचेचे हात लुगड्याला पुसले.

किसन उठून माझ्यासमोर आला होता. तो हसत नव्हता. त्याच्या हातांची कातडी अजून गुलाबी होती, सुरकुतलेली.

"दिग्या," तो हळू म्हणाला, "मस्करी करतोस?"

"नाही रे."

"मग एक तरी खूण सांग. कोणाला तरी कळलं असेल ना. वास आला असेल कोणाला तरी."

खूण होती. ती एकच होती आणि ती मी तीन महिने कोणाला सांगितली नव्हती. काकांनासुद्धा नाही.

"यमुनावहिनीला आला होता," मी म्हणालो. "त्याच सोमवारी, दुपारी. नळावर भेटली मला. म्हणाली, भाऊजी, यंदाचं रॉकेल उग्र येतंय, डोळ्यांना झोंबतंय. तुम्ही लॅबमध्ये असता ना, एकदा बघता का?"

आता मात्र कोणी हसत नव्हतं.

"आणि तू काय म्हणालास?" किसनने विचारलं.

"मी म्हणालो… मी म्हणालो, वहिनी, कंपनीने या महिन्यापासून सेंट मारलाय त्यात. किसनला लाडीगोडी लावा, अजून आणून देईल."

पुढच्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून हसली. वाक्यच तसं होतं. मी तसाच बोलतो.

किसनच्या हाताचा फटका इतका जोरात बसला की माझं कुंकू त्याच्या तळव्याला लागलं. मी चिंचेच्या पातेल्यावर पडलो. तेवढ्यात नामदेव म्हणाला, "बघा, बघा, कसा हात उचलतो. माझ्या बहिणीवर असाच उचलत असणार."

किसनने हात खाली केला. वळला. पमापाशी जाऊन उकिडवा बसला, तिच्या बोचक्याची सैल झालेली गाठ सोडून परत घट्ट बांधली, तिच्या फ्रॉकचं मागचं बटण लावलं. मग बोचकं उचलून नामदेवच्या हातात दिलं.

"ने," तो म्हणाला. "इथं नको ठेवू हिला."

त्याला माझं खरं वाटलं की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आठ दिवसांनी खोली सोडून गेला तो, कुठं ते कोणाला माहीत नाही. मी पंचावन्नीला आलो, अजून लोकांना फसवतो, अजून लोक हसतात.

पण त्या रविवारी पोरगी मामाचं बोट धरून गेटकडे गेली. दोनदा मागे वळून बघितलं तिने. पहिल्यांदा बापाकडे, दुसऱ्यांदा माझ्याकडे, लुगडं नेसलेला पुरुष तिने आधी बघितला नव्हता म्हणून असेल. गोमा पाटील उठले. तेरवणकर काका घरात गेले आणि दार लावून घेतलं. बाकीचे तिथंच उभे होते, हात बांधून, पुढे काय होतंय ते बघत.

इंदूमावशीने सांडलेली चिंच परत पातेल्यात गोळा केली आणि पायाने एक स्टोव्ह माझ्यापुढे सरकवला.

"हं," ती म्हणाली. "तेरा आहेत अजून."

मी पदर खोचला आणि बर्नर काढायला घेतला.